सोळा माड

"पण उस्ताद, तिनं राजीखुशीनं हिस्सा सोडलाय. मग तो मी ठेवला तर जायज आहे ना?"

बशीर उस्तादांनी डोळे मिटून घेतले. हाच प्रश्न मुनीर आठवड्यात चौथ्यांदा विचारत होता. दर वेळी फक्त शब्द नवे.

मुनीर साखरकर सात वर्षं मदरशात शिकून आंबेखोलला परतला होता. वारशाची वाटणी त्याला तोंडपाठ. कुणाच्या घरी मयत झाली की विधवेचा वाटा किती, लेकीचा किती, आईचा किती, हे तो चहा निवायच्या आत सांगून मोकळा होई. उद्या मशिदीच्या ओट्यावर उस्तादांच्या जागी हाच बसणार, असं गाव म्हणे. मुनीरही तसंच म्हणे.

गाडं अडलं होतं ते स्वतःच्या घरी. आई आधीच गेलेली. वडील गेले तेव्हा मागे दोघंच उरली, मुनीर आणि त्याची थोरली बहीण मैमूना. खाडीकाठी अठ्ठेचाळीस माडांची वाडी. भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. म्हणजे सोळा माड मैमूनाचे. हे मुनीरला कुणी सांगायला नको होतं.

"राजीखुशीनं म्हणजे? काय म्हणाली ती?"

"अब्बांच्या चाळिसाव्याला सगळे जमले होते. चाचांनी विचारलं, मैमूना, तुला काही नको ना?"

"मग?"

"आपानं मान खाली घातली."

"म्हणाली काय, ते विचारतोय."

"काही नाही... पण गप्प राहणं म्हणजे होकारच की. किताबेत लिहिलंय." मुनीरनं किताब उघडली, पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

उस्तादांनी त्याच्या बोटासकट किताब मिटली.

"अरे, ते कुमारिकेच्या निकाहाबद्दल लिहिलंय! तू काय वाडीचा निकाह लावत होतास?"

मुनीरनं बोट सोडवून घेतलं. कान तापले होते, तरी तो मागे हटेना.

"ती लिहून द्यायलाही तयार आहे."

"का?"

"का म्हणजे... माहेर एकच असतं. माहेराशी वाकडं कोण घेणार?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"जे हातात कधी आलंच नाही, ते ती देणार कसं?" उस्ताद कपाळ चोळत म्हणाले. "जा. सोळा माड तिच्या नावावर कर. मध्ये कुंपणाची वई घाल. वर्षभर तिचे नारळ तिच्या दारात नेऊन टाक. मग विचार. एकटीला विचार. दिलंन तर खुशाल घे."

"म्हणजे आधी द्यायचं आणि मग मागायचं? लोक हसतील मला."

"हसू देत. ऊठ आता. डोकं दुखायला लागलं माझं."

मुनीर चरफडत उठला. पण हट्टी असला तरी तो लबाड नव्हता. खेपा घालून त्यानं सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढवलं. वाडीच्या मधोमध काट्यांची वई घातली. नारळ उतरवले की तिची पोती तो स्वतः रिक्षात घालून तिच्या सासरी पोचवी. वई बघून चाचा म्हणाले, "शिकून आलास की खुळावून?" तो वईचे काटे बांधत राहिला.

वर्ष सरलं. मुनीर बहिणीकडे गेला, ती स्वयंपाकघरात एकटी असताना त्यानं विचारलं, आणि तिथून तडक उस्तादांसमोर येऊन उभा राहिला. सलाम करायचंही भान नव्हतं.

"नाही म्हणाली!"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या नारळांच्या पैशांवर मी पहिल्यांदा कुणाला न विचारता चष्मा करून घेतला रे. आता नाही देत. हसत म्हणाली, उस्ताद! मला चहा देता देता म्हणाली! गेल्या वर्षी भरल्या घरात देऊन टाकलंन, आणि आज..."

उस्तादांनी त्याला हाताला धरून समोर बसवलं.

"मग मुनीर, गेल्या वर्षी तिनं काय दिलं होतं?"