एकतीस पणजोबांची विहीर

"मग यात माझं चुकलं तरी काय, सर?"

खरात बाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. वाघमोडे सर पडवीत बसून सुपातली तूरडाळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि बाजूला टाकला.

"निबंध वाच पुन्हा," ते म्हणाले.

वाचायची गरज नव्हती. बाईंना तो तोंडपाठ होता. त्यांनीच तर लिहिला होता.

संजीवनी खरात माणदेशातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी आणि इतिहास शिकवायच्या. त्यांच्या नोट्स तालुक्यात अंगाऱ्यासारख्या वाटल्या जायच्या. आदर्श निबंध, सनावळ्या, अपेक्षित प्रश्न, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचं चार पानी सार. ज्या दुकानात झेरॉक्स निघायची, तिथला दुकानदारही आता निम्मे निबंध म्हणून दाखवी. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

यंदा बारावीच्या मराठीच्या पेपरात निबंध आला, 'माझ्या गावाचा इतिहास'. बाईंच्या नोट्समध्ये तो होताच. वर्गातल्या एकतीस जणांनी तो लिहिला. स्वल्पविराम न चुकता लिहिला.

त्या निबंधात एक विहीर होती. 'गावाची ही विहीर माझ्या पणजोबांनी खणली. सुरुंग लावताना त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा गेला, पण पाणी लागेपर्यंत ते घरी आले नाहीत.'

पेपर तपासणारा पहिल्या विहिरीला हेलावला. दुसऱ्या विहिरीला चमकला. पाचव्या अंगठ्याला त्यानं लाल पेन खाली ठेवलं आणि वर कळवलं.

एकतीस मुलांचा निकाल राखून ठेवला गेला. सामूहिक कॉपीचा संशय. आठ दिवसांनी विभागीय कार्यालयात सुनावणी होती. प्रत्येकाला एकेकटं बसवणार, समोर कागद ठेवणार आणि लिहायला लावणार होते. पटलं तर निकाल, नाहीतर वर्ष गेलं. आणि त्या भागात वर्ष गेलेली मुलगी पुन्हा वर्गात दिसायची नाही, हे बाईंना चांगलं माहीत होतं. एकतिसांत एकोणीस मुली होत्या.

म्हणून त्या सरांकडे आल्या होत्या. वाघमोडे सरांनी त्यांना शाळेत शिकवलं होतं. पुढं बरीच वर्षं ते परीक्षेचे मुख्य नियामक होते, म्हणजे तपासणाऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासणारे. बोर्डात अजूनही त्यांच्या शब्दाला वजन होतं. सरांकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे ठाऊक असूनही बाई आल्या.

"पत्र देतो की," सर म्हणाले. "काय लिहू?"

"मुलांनी कॉपी केली नाही. न बघता लिहिलं. पाठ केलं होतं."

"बरं. आणि ती विहीर?"

"विहीर खरी आहे, सर. अंगठाही खरा. माझ्या पणजोबांचा."

"ते मी वळखलं." सर पहिल्यांदाच हसले. "बेस लिवलायस. पैकीच्या पैकी दिलं असतं तुला."

बाईंचा चेहरा उजळला.

"पर तुझ्या पणजोबाला एकतीस जणांनी आपला म्हणून सांगितलं. आणि तू म्हणतीस, कॉपी न्हाई."

...

शेजारच्या गोठ्यात म्हैस रेकली. सर पुन्हा डाळीकडे वळले.

"ठीक आहे," बाई उठल्या. "मग वेगवेगळे लिहिते. एकतीस मुलांचे एकतीस निबंध. प्रत्येकाला त्याचा. आठ दिवस आहेत, होईल पाठ."

सर अडवतील असं त्यांना वाटलं होतं.

"लिव," सर म्हणाले.

आता खरात बाईंबद्दल कुणी काहीही म्हणो, कामाला त्या वाघीण होत्या. चार दिवस रजा टाकली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातलं टेबल धरलं. हजेरीपट पुढ्यात घेतला आणि नावागणिक निबंध लिहीत सुटल्या. कुंभाराच्या पोराला चाक दिलं, लोहाराच्या पोरीला भाता दिला. कुणाला दुष्काळ, कुणाला यात्रा, कुणाला वाहून गेलेला बंधारा. संगणकावर टाइप करून घेतले, चांगल्या जाड कागदावर छापून घेतले. बोटं सुजली, पण एकही वाक्य दोनदा आलं नाही. पोरांच्या मायेपोटीच चाललं होतं हे सगळं, यात शंका नाही.

पाचव्या दिवशी सकाळी गठ्ठा सरांच्या पुढ्यात होता.

सरांनी चष्मा लावला. खिशातून लाल पेन्सिल काढली. एकूण एक निबंध वाचला आणि कोपऱ्यात गुण टाकले. आठ. साडेआठ. नऊ. पुन्हा आठ.

बाई दम धरून पाहत होत्या.

एका कागदावर पेन्सिल थांबली.

"दिलशाद मुलाणी. हिची आजी गावोगाव बांगड्या भरायची?"

"हो... म्हणजे मुलाणी आहेत ना. म्हटलं, बांगड्या..."

"बांगड्या मण्यार लोक भरत्यात, मुलाणी न्हाई, बाई."

सर त्यांना पहिल्यांदाच बाई म्हणाले होते. ते लागलं.

"बदलते ते. सांगा, काय लिहू?"

"हिचं घर कुठाय?"

...

दिलशाद दोन वर्षं बाईंच्या वर्गात होती. बाईंना तिचं अक्षर माहीत होतं. तिचा 'ळ' कसा कलतो तेही माहीत होतं. सनावळीत ती कुठं अडखळते, किती गुणांनी पहिला वर्ग हुकेल, सगळं माहीत होतं.

घर माहीत नव्हतं.

लाज वाटली. इतकी, की बाईंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला आणि सोडला, पुन्हा गुंडाळला. शाळेत असताना उत्तर न आल्यावर त्या ओढणीचं असंच करायच्या. सरांना ते आठवलं असेल.

त्यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, जमिनीवर आपटून कडा सारख्या केल्या आणि पालथा करून बाईंच्या मांडीवर ठेवला. वर सगळे कोरे कागद.

"पाठकोरे हाईत," सर म्हणाले.

"सर, चार दिवस राबले मी याच्यासाठी."

"दिसतंय की. कागद बी चांगला जाड घेतलास. वाया घालवू नको."

बाई गठ्ठा घेऊन निघाल्या आणि फाट्यावरच्या दगडावर बसल्या. वडापची, सीट भरली की सुटणारी जीप लागली होती, ती त्यांनी जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. म्हाताऱ्याला काय जातंय बोलायला, असं मनात शंभरदा आलं. तीन दिवस राहिले होते. एकतीस पोरांचं वर्ष, आणि हा माणूस कागदाची जाडी मोजतोय. संताप संताप झाला. मांडीवरचा गठ्ठा अजून पालथाच होता.

तिसऱ्या जीपमध्ये त्या बसल्या, तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

दुपारी मुलांना कॉलेजात बोलावलं. हजेरीपटातली नावं घेत प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला, कोरी बाजू वर करून.

"घरी जा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आपलं इथं पूर्वी कसं काय चालायचं ते विचारा. आणि लिहून आणा."

मग मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, मुद्दे तरी द्या."

मुद्दे बाईंच्या जिभेवर होते. प्रस्तावना, भौगोलिक स्थान, नावाची व्युत्पत्ती, समारोप. बारा वर्षं त्यांनी फळ्यावर तेच लिहिलं होतं. हात खडूकडे गेलासुद्धा.

"मुद्दे नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सहा जणांनी मागची छापील बाजूच पुढं उतरवून आणली. बाईंनी ते कागद फाडले, वहीतली कोरी पानं दिली आणि त्यांना परत घरी पाठवलं. एकानं 'माझ्या घरात म्हातारं कुणी नाही' एवढंच लिहिलं होतं. त्याला म्हणाल्या, मग तेच लिही, का नाही ते लिही. एकीनं दीड पान आणलं, त्यात सतरा चुका. बाईंचं लाल पेन शिवशिवत होतं, पण त्यांनी ते पर्समधून काढलं नाही. पोरं तर धास्तावलीच होती, बाईही त्यांच्याइतक्याच घाबरल्या होत्या. पण मागं फिरल्या नाहीत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा पडवीत आल्या. गठ्ठा आता चुरगळलेला होता. कुठं चहाचा डाग, कुठं हळदीचं बोट.

सर वाचू लागले. अक्षर लागेना तिथं कागद उजेडाकडे धरत. दोनदा खुदकन हसले. एकदा वाचता वाचता म्हणाले, "हा झेंडे तर माझ्याच आळीतला. मला हे म्हाईत न्हवतं." एका कागदाला त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आतून जेवायला हाक आली, तर हातानंच थांबा म्हणाले.

लाल पेन्सिल खिशातच होती.

"गुण, सर?" बाईंनी शेवटी विचारलं.

"कशाला?"

...

"मग आता पत्र तरी द्या."

सरांनी गठ्ठ्यातून एक कागद ओढून सगळ्यात वर ठेवला.

"पत्राच्या जागी हे घिऊन जा. सुनावणीच्या साहेबाला हेच पयलं दाव."

तो दिलशादचा होता. सगळ्यांत लहान मजकूर तोच होता. अवघ्या चार ओळी.

'आमच्या घरात कुणी विहीर खणलेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आणि तिथं मिळणाऱ्या सुकडीची चव अजून तोंडात आहे म्हणते. माझी मोठी आत्या तेव्हा दोन वर्षांची होती, तिला आजी बाभळीखाली निजवायची. आजी त्या कामाचं सगळं सांगते, पण आत्याचं विचारलं की उठून चुलीकडे जाते, कारण'

एवढंच. पुढं कागद कोरा.

"सर, हा निबंधसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "ना सुरुवात, ना समारोप. मी विचारलं तिला. म्हणाली, पुढचं अजून लिहवेना, बाई. अर्धं वाक्य आहे हो हे. साहेबांपुढं वर कसं ठेवू?"

बोलता बोलता त्यांनी पर्समधून पेन काढलंही होतं. टोपण उघडलं. 'कारण' या शब्दापुढं काय यायला हवं, ते त्यांना दिसत होतं. एक नाही, तीन वाक्यं तयार होती, आणि तिन्ही चांगली होती. पेनाचं टोक कागदावर टेकणार, तेवढ्यात सरांनी आपला पंजा त्या कोऱ्या जागेवर ठेवला.

म्हाताऱ्या हाताच्या शिरा. नखात डाळीचं पीठ.

बाईंनी हात मागं घेतला.

"उद्या तिथं बसली की तिची ती पुरी करील," सर म्हणाले.

एकतीस मुलं, त्यांत एकोणीस मुली, आणि सगळ्यांच्या वर हे अर्धं वाक्य.

"आणि नाही जमलं तिला, तर?"

सरांनी हात उचलला नाही.

"तरीबी साहेबाला कळंल, ओळ कुणाची हाय."