साठ खुर्च्या आणि नऊ कपाळं

बार्शीच्या कालिंदीबाई गुंजाळ घरीच स्टीलच्या डब्यांची विक्री मांडायच्या. बायकांना बोलावणं करायला मात्र कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः घरोघर जायच्या.

एकदा डब्यांच्या कंपनीचे दिघावकरसाहेब पुण्याहून मीटिंगला आले. हॉलमध्ये खुर्च्या साठ, बायका नऊ. तरी साहेबांचा तोरा कायम.

"कालिंदीबाई, कुंकू लावत कसल्या फिरता? मी एका मिनिटात साठ जणींना मेसेज केला. उद्यापासून तसंच करा, नाहीतर तुमचं काम दुसरीला देतो."

"करते की," कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त आधी या नऊ जणींच्या कपाळाकडे बघा."

साहेबांनी बघितलं. प्रत्येकीच्या टिकलीच्या वर ताज्या कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"सकाळी माझी नऊच घरं झाली, तेवढ्यात तुमच्या मीटिंगची वेळ झाली. त्या नऊ जणी या."

"आणि माझ्या मेसेजवर आलेल्या?"

कालिंदीबाईंनी मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. "त्या तिकडं बसल्यात, साहेब."

पुढच्या मीटिंगचा मेसेज कुणालाच आला नाही. साहेबच घरोघरच्या दारात उभे राहिले, बोलावणं करायला.