उंबऱ्यावर न थांबलेला राजा

एका राज्यात राजा होता, पण तो घरी नव्हता. रणकेतू त्याचे नाव. सात डोंगरांपलीकडचे सूर्यतीर्थ शत्रूने घेतले होते, ते सोडवीन असा त्याने पण केला, सैन्याच्या छातीवर तांबडा सूर्य शिवला आणि तो निघून गेला. राणी मालिनीदेवी तेव्हा पोटुशी होती. लेक झाली, तिचे नाव शशिकळा ठेवले, ती चालू लागली, बोलू लागली, तरी युद्ध चालूच. बाप तिला ठाऊक तो पोवाड्यांतला.

अखेर तीर्थ जिंकले. तिथल्या देवळाचा सोन्याचा कळस मांडीवर घेऊन राजा परतला. आता लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवावे, भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायांवर पाणी घालावे आणि मग आत घ्यावे, हे शेंबड्या पोरालाही कळते. वाटेत जे मागे लागले असेल ते बाहेर राहते. राणी तुकडा घेऊन दारात उभी होती, शेजारी चिमुरडी शशिकळा पाण्याचा तांब्या सावरीत होती. पण नगारे झडत होते, भाट गळा फाडून गात होते, अशा वेळी राजाला कुठला धीर! घोड्यासकट उंबरा ओलांडून तो वाड्याच्या चौकात आला आणि जागच्या जागी दगड झाला. घोडाही दगड झाला.

लोक चार दिवस रडले. मग त्यांना ते बरेच वाटू लागले. दगडाचा राजा कर वाढवीत नाही की कुणावर डोळे वटारीत नाही. गावोगावची माणसे दर्शनाला येऊ लागली, भाट चौकातच मुक्काम ठोकून गाऊ लागले. जसजशी गाणी वाढली तसतसा दगड कठीण झाला.

शशिकळा मोठी झाली. घोड्याचे पाय पुसता पुसता एके दिवशी ती म्हणाली, "सगळ्यांना यांची कीर्ती हवी. मला आबा हवेत."

कळसावर एक साळुंकी बसत असे. ती म्हणाली, "राजकन्ये, हा कळस मंतरलेला आहे. जो नेईल त्याला नाव मिळेल, घर मिळणार नाही. पण राहिलेला भाकरतुकडा अजून ओवाळता येईल. तुझ्या बापाच्या घोड्यांनी तुडवलेल्या शेतातला जोंधळा आण. ज्याने कळस मंतरला त्याच्या विहिरीचे पाणी आण. आणि ज्या चुलीपाशी राजाचे नाव कधी निघाले नाही, तिचा विस्तव आण."

शशिकळा साळुंकीला घेऊन निघाली. सात डोंगर ओलांडून ती त्या शेतावर पोचली. शेताची मालकीण म्हातारी होती. ती म्हणाली, "मागून मिळणार नाही. पेरून घे." राजकन्येने पेरले, खुरपले, राखले. कणसे भरली तेव्हा म्हातारीने आपल्या हाताने तिची ओटी जोंधळ्याने भरली.

सूर्यतीर्थाच्या विहिरीवर मांत्रिक बसला होता. त्याने विचारले, "तुझ्या बापाने केवढे युद्ध जिंकले?" फुशारकी मारणाऱ्याचा तो बेडूक करी. विहीर बेडकांनी भरली होती.

शशिकळा म्हणाली, "महाराज, युद्धाचे मला काय ठाऊक? ते भाकरीबरोबर दूध घेतात की ताक, तेसुद्धा मला ठाऊक नाही." आणि तिला रडू आले. मांत्रिकाने घागर भरून दिली. "कळस तेवढा परत पाठव," एवढेच म्हणाला.

विस्तव मात्र मिळेना. ज्या घरी जावे तिथे रणकेतूचा पोवाडा. एका गुहेत राक्षस चुलीवर रानडुक्कर भाजत होता, तोही तेच गुणगुणत होता! शशिकळा थकून, हरून घरी आली. राणी आपल्या चुलीपाशी होती. दुसऱ्या कुणाला ती तिथे फिरकू देत नसे.

राणी म्हणाली, "बस बाळे. तिकडची भाकरी टाकते, मग तुला वाढते."

"आई, तू रोज त्यांच्यासाठी भाकरी करतेस?"

"आल्यावर भूक नाही का लागणार?"

"आणि त्यांचे नाव? या चुलीपाशी कधी घेतलेस?"

राणी लाजली. "नवऱ्याचे नाव कुणी घेते का? लग्नात उखाण्यात घेतले असेल तेवढेच."

शशिकळाने आणलेला जोंधळा दळला, तिथेच पीठ मळले आणि त्याच विस्तवावर भाकरी भाजली. पण राजा तर उंबऱ्याच्या आत होता आणि दगड हलेना. तेव्हा तिने सुतारांना बोलावले, दाराचा उंबरा उखडला आणि घोड्याच्या पुढ्यात आणून ठेवला. लोक हसले. तिने तुकडा ओवाळला, दूर टाकला आणि दगडी पायांवर पाणी घातले.

घोडा फुरफुरला. राजा खाली उतरला, पण उंबरा ओलांडला नाही. कळस त्याने बाहेरच ठेवला आणि तो लेकीकडे पाहत राहिला.

"तू तांब्या घेऊन उभी होतीस," तो म्हणाला. "मी पाहिले होते, बाळे. तरी थांबलो नाही."

"आता थांबलात ना," शशिकळा म्हणाली.

राणी म्हणाली, "आत यावे. भाकरी गार होते आहे."

राजा ताकच घेतो, हे शशिकळाला त्या दिवशी कळले. पुढे तो पायी जाऊन कळस परत देऊन आला, आणि आल्यावर राणी तुकडा घेऊन येईपर्यंत उन्हात निमूट उभा राहिला. दीर्घकाळ त्याने सुखाने राज्य केले.

भाटांची गाणी कधीच विरली. त्याने कोणते युद्ध जिंकले ते तिथे आज कुणाला धड सांगता येत नाही. पण नाव राहिले आहे. लांबून आलेले माणूस घाईने आत शिरू लागले की घरातली बाई अजून म्हणते, "थांब जरा, रणकेतू होऊ नकोस." आणि ती भाकरतुकडा आणायला आत जाते.