अर्ध्या ओळीवरून उठणे

एकदा एक व्यापारी हातात कापडाची गुंडाळी घेऊन जानकीआक्कांच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. गाव खाडीकाठचे होते. आक्कांचे वय झाले होते, दृष्टी मंदावली होती. पण गावातल्या कित्येक मुली आणि सुना त्यांच्याच ओसरीवर बसून भरतकाम शिकल्या होत्या. व्यापाऱ्याचे नाव वामनशेठ. बाजारात त्याचे धान्याचे आणि तेलाचे दुकान होते. भाद्रपदात त्याची पत्नी कुमुद चार दिवसांच्या तापाने गेली होती. तीही आक्कांचीच शिष्या.

वामनशेठने गुंडाळी उलगडून आक्कांपुढे ठेवली. दुसुतीच्या पांढऱ्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेले एक चित्र होते. घराच्या मागच्या दाराची पायरी, विहिरीचा कठडा, दोरीवर वाळणारी धुणी, कण्हेरीचे झाड. उजवीकडचा कोपरा तेवढा कोरा होता. चौकटीच्या कागदावर कुमुदने सगळे चित्र आधीच आखून ठेवले होते. त्यावरून समजत होते, की त्या कोपऱ्यात पायरीवर बसलेली एक मांजर यायची होती.

"आक्का, एवढं पुरं करून द्या," वामनशेठ म्हणाला. "तिच्या वर्षश्राद्धाला काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावायचंय. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे तिचं काम."

आक्कांनी कापडावरून सावकाश बोटे फिरवली. मग त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांना आता भोकं दिसत नाहीत. तूच शिक आणि तूच पुरं कर."

"मी?"

"तुझी बायको होती. तुझ्याहून जवळचं कोण आहे तिला?"

वामनशेठला नाही म्हणवेना. तो रोज दुपारी आक्कांकडे येऊ लागला. बाजारात थोडे हसू झाले, ते त्याने मनावर घेतले नाही. एक तिरका टाका, त्यावर दुसरा उलट तिरका, की फुली झाली. सगळ्या फुल्यांचे वरचे टाके एकाच बाजूला झुकले पाहिजेत, नाहीतर चित्र विस्कटते. एवढे त्याला लवकर साधले. वेगळ्या चिंधीवर हात बसल्यावर आक्कांनी त्याला कुमुदचे कापड हाती घेऊ दिले.

पण एक गोष्ट त्याला कळेनाशी झाली. त्याचे मन कामात जरा लागले, ओळ अर्ध्यावर आली, की आक्का त्याला हमखास उठवीत.

"वामन, चुलीवर दूध आहे, बघून ये."

तो उठे, दूध उतरवून येई, कुठवर मोजले होते ते विसरे, आणि चुकलेले टाके उसवत बसे. पुन्हा ओळ जमू लागली की आक्का म्हणत, "फाटकाशी कोणी उभं आहे वाटतं." फाटकाशी शेजारीण असे, तिला ताक हवे असे. ते देऊन तो येतो न येतो, तोच अंगणात वाळत घातलेल्या कुळथावर गाय आलेली असे. तिथे शिकायला येणाऱ्या मुली बसल्या, की मात्र आक्का स्वतः उठत; मुलींना जागचे हलू देत नसत.

एके दिवशी वामनशेठचा धीर सुटला. "आक्का, मला एक ओळ सलग भरू देत नाही तुम्ही. ह्या मुलींना कधी उठवत नाही, मग मलाच का?"

आक्का एवढेच म्हणाल्या, "उठताना सुई कापडात टोचून ठेवत जा. म्हणजे हरवत नाही."

त्याला हे उत्तर वाटलेच नाही. म्हातारपणी माणूस असाच विक्षिप्त होतो, अशी त्याने मनाची समजूत घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आक्कांकडे गेलाच नाही.

आता तो घरीच, कुमुदच्या खोलीत बसू लागला. दुकान मुलाने सांभाळायला घेतले होतेच. घरात सून रोहिणी होती आणि तिची तान्ही मुलगी. कुमुद गेली तेव्हा ते बाळ जेमतेम दोन महिन्यांचे होते. स्वयंपाक, धुणीभांडी, येणारेजाणारे, बाळाचे न्हाऊमाखू, हे सगळे आजवर दोघी मिळून करीत असत. आता ते एकटीच्या अंगावर पडले होते. शिवाय रोहिणीला आई नव्हती. सासूलाच ती आई म्हणत असे. तिचेही माणूस गेले होते, हे मात्र त्या घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. वामनशेठ खोलीचे दार लावून घेई. रोहिणी ताट आणून उंबऱ्याशी ठेवी, आणि पुष्कळदा ते निवलेलेच परत नेई.

बंद दाराआड काम झपाट्याने पुढे सरकू लागले. मांजरीची पाठ झाली, शेपटीचा बाक झाला. ती शांतता वामनशेठला पवित्र वाटे. आपण कुमुदच्याच सहवासात बसलो आहोत, असे त्याला वाटे.

अशाच एका दुपारी दारावर थाप पडली.

"मामंजी, बाळाचं अंग तापलंय. जरा घेता का तिला? मी पाण्याच्या पट्ट्या आणते."

"आलोच," तो आतून म्हणाला. "एवढी ओळ होऊ दे."

ओळ झाली. पुढच्या ओळीत रंग बदलायचा होता, तोही दोरा ओवून झाला. बाहेर एकदा बाळ रडल्यासारखे वाटले, मग ते थांबले. थांबले म्हणजे निजले असेल, असे समजून तो भरीत राहिला.

दिवेलागणीला तो बाहेर आला तेव्हा चूल पेटलेली नव्हती. पाळणा रिकामा होता. शेजारणीने सांगितले, की तापात बाळाला आकडी आली. मुलगा माल आणायला तालुक्याला गेलेला. रोहिणी मुलीला पदराखाली घेऊन एकटीच पुलापलीकडे डॉक्टरकडे धावत गेली. "तुम्ही घरात नसाल असंच वाटलं आम्हाला," शेजारीण म्हणाली.

मूल वाचले. तीन-चार दिवसांत हसू-खेळूही लागले. मग रोहिणीने आपली पिशवी भरली. तिने भांडण केले नाही, आवाज चढवला नाही. बाळाला कडेवर घेऊन ती वामनशेठसमोर आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, "मी काही दिवस काकूकडे राहते. तिथं हाक मारली की कोणीतरी उठतं."

मुलाने बापाकडे पाहिले आणि तो तिला पोहोचवायला गेला. त्यानंतर तो दुकानातच जेवू लागला.

वामनशेठला हवी होती तशी शांतता आता सबंध घरात पसरली. दार लावून घेण्याचीही गरज उरली नाही. तो बसला, आणि त्याने मांजरीचे डोके भरले, कान भरले. टाके पूर्वीपेक्षा सरळ येत होते. राहिले होते ते पुढचे पाय. पण त्याच्या हातून आता दोरा ओवला जाईना. सुईचे भोक दिसे, बोटेही थरथरत नसत. तरी तो दोरा तसाच धरून बसून राही आणि संध्याकाळ होई. घरातून कोणी तरी हाक मारावी, अशी आपण वाट पाहतो आहोत, हे एके दिवशी त्याच्या लक्षात आले.

तेव्हा तो कापड घेऊन पुन्हा आक्कांकडे गेला. आक्कांनी मांजरीवरून बोटे फिरवली.

"टाके सुबक आलेत," त्या म्हणाल्या. "घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

त्याने घडलेले सगळे सांगितले. स्वतःच्या बाजूने एक शब्दही घातला नाही. आक्कांनी मधे त्याला तोडले नाही. सांगून झाल्यावर त्यांनी कापडाची घडी घातली. मग आक्का बोलू लागल्या.

"कुमुद लग्न होऊन आली, तेव्हा इथंच बसून एकदा रडली होती. म्हणाली, आक्का, मला त्या घरात कोणी एक ओळ धड पुरी करू देत नाही. सासऱ्यांना औषध हवं, दिरांना डबा हवा, यांना चहा हवा. मी भरतकाम सोडून देते. मी तिला म्हटलं, सोडू नकोस. सोडलंस तर घरावर राग धरशील, आणि घर सोडलंस तर ह्या फुलांत जीव राहणार नाही. सुई टोचून ठेवायची आणि उठायचं. परत यायचं आणि सुई उचलायची. येताना राग बरोबर आणायचा नाही. टाका कोणालाही आठ दिवसांत येतो, वामन. हे उठणं आणि परत येणं शिकायला तिला वर्षं लागली. पुढं ती मला सांगायची, की आमटी ढवळताना तिला पुढच्या पानाचा रंग सुचतो, आणि दोन टाके घालून गेली की आमटीही मन लावून होते. तिचं सुख ते होतं. ती दार लावून कधी बसली नाही. तुला तिचं काम पुरं करायचं होतं. तू तिचं बसणं तेवढं घेतलंस. तिचं उठणं तुझ्या हाताला लागावं म्हणून मी तुला उठवत होते. मुलींना घरी उठावं लागतंच, म्हणून त्यांना इथं बसू देते."

वामनशेठ मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "मी हाक मारायचो, तेव्हा तिला त्रास व्हायचा का?"

"कधीकधी व्हायचा," आक्का म्हणाल्या. त्या खोटे बोलल्या नाहीत. "पण हाकेचा नाही एवढा. ती परत येऊन बसायची, आणि ती काय भरतेय हे तू कधी विचारायचा नाहीस. एवढंच ती एकदा बोलली होती. परत नाही बोलली."

"आता त्याचं काय करू?"

"त्याचं काही करता येत नाही," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या हातावर आपला सुरकुतलेला हात ठेवला. "ते तसंच राहणार. आता घरी जा."

पण तो घरी गेला नाही. तसाच धक्क्यावर जाऊन होडीत बसला आणि पलीकडच्या गावी रोहिणीच्या काकूकडे पोहोचला. रोहिणी पडवीत तांदूळ निवडत होती. बाळ शेजारी चटईवर पालथे पडून हात आपटत होते. वामनशेठने बोलायचे पुष्कळ ठरवून ठेवले होते, पण पायरीवर बसल्यावर त्यातले काही आठवले नाही.

"तिला घेऊ का?" एवढेच त्याने विचारले.

रोहिणीने तांदळाचे सूप बाजूला सारले. मग तिने बाळाला उचलून त्याच्या मांडीवर दिले. मुलीने त्याच्या सदऱ्याचे बटण धरले आणि तोंडात घातले. तो पाऊण तास तसाच बसून होता. निघताना त्याने रोहिणीला घरी चल म्हटले नाही. "उद्या येतो," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आला. पुढेही येत राहिला. कधी तिची विहिरीवर जायची वेळ असे, तर तो मुलीला झोके देत बसे. उन्हाळा सरता सरता एका सकाळी त्याच होडीतून रोहिणी त्याच्याबरोबर घरी परतली.

वर्षश्राद्ध झाले. बाहेरच्या खोलीत चौकट लागलेली नव्हती. "वहिनींचं ते चित्र लावणार होतात ना?" असे कोणी विचारले, तर वामनशेठ म्हणे, "अजून मांजरीचे पाय व्हायचेत." पाय का झाले नाहीत, तेही तो विचारणाऱ्याला सांगे. मुलगी आता पावले टाकू लागली होती. तिच्यामागे फिरण्यात आणि मागच्या दाराशी भाज्या निवडण्यात त्याचा दिवस जाई. ओळ मिळाली तर मिळे.

एकदा दुपारची आवराआवर झाल्यावर रोहिणी त्याच्यापाशी येऊन बसली. "आई मला शिकवणार होत्या," ती म्हणाली. "राहून गेलं. तुम्ही दाखवाल?"

त्याने तिला टाका दाखवला. वरचा टाका कुठल्या बाजूला झुकवायचा, ते सांगितले. मग कुमुदचे कापड तिच्या हाती दिले. रोहिणीने मांजरीच्या पायाची पहिली ओळ सुरू केली, आणि ती चार-पाच फुल्या घालते न घालते, तोच आत पाळण्यात मुलगी जागी होऊन रडू लागली. सवयीने रोहिणीने सुई कापडात टोचली आणि ती उठू लागली.

"तू बस," वामनशेठ म्हणाला. "मी बघतो."

गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि आत गेला. हे शब्द कुमुदने त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. पाळण्याशी पोहोचेपर्यंत वामनशेठच्या ते ध्यानात आले, आणि मुलीला उचलून तो तिथेच भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. ती रडायची केव्हाच थांबली होती. बाहेर रोहिणीने सुई उचलली आणि ओळ पुढे नेली.