साळिंदरबुवांचा झाडू

रानाला वाचायचं वेड होतं, त्या काळी प्राण्यांनी औषधांवर लिहिलेले प्रबंध वडाच्या ढोलीत असत. साळिंदरबुवा ते लेखकाच्या नावाप्रमाणे लावत. ढोलीतला कोळी मात्र प्रत्येक प्रबंधाला तीन धागे बांधायचा: आजाराचा, झाडाचा, ठिकाणाचा. हवा तो धागा ओढला की त्या विषयाचा प्रबंध बाहेर येई. बुवा ते रोज झाडून टाकत. "लेखकाचं नाव पुरे! जळमटं नकोत मला."

एके दुपारी बुवांच्याच पिलाने कण्हेर खाल्ली. त्याच्या तोंडाला फेस आला. या विषावरचा उतारा कुणीतरी लिहिला होता, पण कुणी, ते बुवांना आठवेना.

"कोळीदादा, कण्हेरीचा धागा आहे का हो?"

"कपारीत एक उरलाय. तिथे तुमचा झाडू पोचत नाही. ओढा लवकर!"

बुवांनी धागा ओढला. प्रबंध बाहेर आला, सकाळीच त्यांनी नावाप्रमाणे लावलेला. त्यातला उतारा त्यांनी पिलाला पाजला.

संध्याकाळी पिलाने डोळे उघडले, तेव्हा बुवा कोळ्याला धागा धरून देत होते.