चंद्रीचा ताप

पिंपळदऱ्याच्या महादेवापाशी आनंदगीर महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीच्या वैशाखातली ही गोष्ट. गावचे जहागीरदार खंडेराव यांच्या पागेत हैबती नावाचा मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, वेळच्या वेळी पाणी पाजायचे, भर दुपारी ओली पोती त्यांच्या अंगावर टाकायची, यातच त्याचा दिवस सरे. भजनाला येणे होत नाही म्हणून तो एकदा महाराजांपुढे रडला. महाराज म्हणाले, "अरे, पाणी पाजताना नाम घे. झाले तुझे भजन!"

हे खंडेरावांच्या कानी गेले. ते चारचौघांत हसले. "म्हणजे आता आमची घोडीही माळ घालणार म्हणा!" हैबतीने ते ऐकले आणि बादली उचलून तो घोड्यांकडे वळला.

एके दुपारी पाहुणे आले. त्यांना चंद्री घोडीची दौड दाखवायची खंडेरावांना लहर आली. हैबतीने लगाम धरला. "सरकार, ऊन उतरू द्या. आत्ता पळवली तर जिवावर बेतेल."

"घाबरतोस कशाला? तुझा तो महादेवापाशचा बाबा आहे ना वाचवायला!" म्हणत खंडेरावांनी टाच मारली.

चंद्री परतली ती झोकांड्या खात. खंडेराव खाली उतरतात तोच पागेच्या दारात ती कोसळली. अंगावर घामाचा थेंब नाही, भाता चालावा तसा श्वास! हैबतीने बादल्यांवर बादल्या ओतल्या, मानेखाली ओले फडके धरले. घोडीचे डोळे फिरले, तेव्हा मात्र त्याचे हात थांबले. "महाराज, मला येत होते तेवढे केले. आता तुम्हीच बघा!"

आणि काय आश्चर्य! महाराज अनवाणी पायांनी दारातून आत येत होते. त्यांनी चंद्रीचे डोके मांडीवर घेतले आणि कपाळापासून छातीपर्यंत सावकाश हात फिरवला. तिचा श्वास हळूहळू संथ झाला. पण महाराजांचा चेहरा लाल झाला, ओठ सुकले. ते कलू लागले. खंडेरावांनी सावरायला त्यांचा दंड धरला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

हैबतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. महाराज म्हणाले, "आधी तिला."

खंडेरावांनी स्वतः बादली उचलून चंद्रीच्या तोंडाशी धरली. ती घोट घोट पाणी पिऊ लागली, तसा इकडे महाराजांच्या कपाळावर घाम फुटला. थोड्या वेळाने घोडी फुरफुरली आणि पाय रोवून उभी राहिली.

"महाराज, माझ्या हातून हे काय झाले!" खंडेराव म्हणाले.

महाराज म्हणाले, "थांबा म्हणायला तिच्यापाशी शब्द नव्हते, खंडेराव. हैबतीपाशी होते. ते तरी ऐकायचे होते!"

खंडेरावांनी पगडी काढली आणि महाराजांच्या पायांशी डोके टेकले. मग ते हैबतीकडे वळले. "सरकार, असं नका करू," म्हणत तो मागे सरकला. पण ते तिथेच, त्याच्यापुढे वाकले. तापलेल्या मातीने कपाळ भाजत होते, तरी खंडेरावांनी ते कितीतरी वेळ उचलले नाही.