उंबरठ्यावरची वाटी

कोंबड्याच्या आरवण्यावर अख्खं गाव उठायचं, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका गावात कोंबड्यांवर रोग आला. होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या गेल्या, कोंबडेही गेले. उरली एकच, ठकूबाईची कोंबडी, आणि तीही खुडूक होऊन टोपलीत अंड्यांवर बसलेली. त्या टोपलीतून एखादा कोंबडा निघाला, तरच गाव वेळेवर उठणार होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे खरं. पण कोंबडंच नसलं, तर उठवणार कोण?

ठकूबाई मनापासून राबायची. रोज टोपलीशी दाण्याची आणि पाण्याची वाटी ठेवायची. पण तिने हात पुढे केला, की कोंबडी पिसं फुलवून कचकन टोचायची.

“अगं सटवे!” ठकूबाई ओरडायची. “खातेस माझं आणि टोचतेस मलाच? ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं!”

शेजारीण म्हणाली, “ठकूबाई, पिल्लं निघायला आलीत, म्हणून टोचतेय ती. थोडी कळ काढा.”

“किती कळ काढू? हाताची चाळण झाली माझ्या! एवढा कसला गं माज?”

तिने वाट्या उचलल्या आणि थेट उंबरठ्यावर नेऊन ठेवल्या. “गरज असेल तर येईल चालत. माझं काही अडलेलं नाही.”

कोंबडी उठलीच नाही. उपाशी बसून राहिली. अंड्यांतून टकटक ऐकू यायला लागली. ठकूबाईला वाईट वाटलं हो, नाही असं नाही. पण हट्ट आडवा आला. शेवटी तहानेने कासावीस होऊन कोंबडी उठली, लटपटत उंबरठ्यापाशी गेली आणि तिथेच कोलमडली. ठकूबाईने धावत जाऊन तिला पाणी पाजलं. ती सावरली, पण तोवर अंडी गारठली होती.

“मेले, टोचणं सोडलं असतंस तर?” ठकूबाई रडकुंडीला आली.

“बाई, टोचणं सोडलं असतं, तर मांजराने केव्हाच टोपली रिकामी केली असती,” कोंबडी म्हणाली. “जवळ येईल त्याला टोचायचं, एवढंच मला ठाऊक. तो हात कुणाचा, हे बघायला फुरसत कुठे होती?”

दोनच पिल्लं जगली आणि मोठेपणी दोन्ही कोंबड्याच निघाल्या. गाव भडकलं. कुठून तरी कोंबडा मिळेपर्यंत ठकूबाईनेच गावाला उठवायचं, असं पंचांनी ठरवलं.

मग काय! रोज पहाटे ठकूबाई दारोदार कड्या वाजवत फिरू लागली. “उठा हो, उजाडलं!”

“कोण ती कटकट? जा की मुकाट्याने!” आतून कुणीतरी खेकसायचं. उठून कामाला सगळे लागायचे, पण गोड शब्द एकाच्याही तोंडून निघायचा नाही.

ठकूबाई आता पुढच्या दाराशी जायची आणि कडी वाजवायची.

तात्पर्य: ज्याला दुसऱ्याचं करायचं आहे, त्याने आधी टोचून घ्यायची तयारी ठेवावी.